मोरीत फिनेल ओतू नकोस

कोल्हापूर, १० मे

ती. दादास,

तुझं पत्र मिळालं आणि लगेच लिहायला बसले. आधी एवढंच कर : मोरीत फिनेल ओतणं आजपासून बंद. डांबराच्या गोळ्याही उचलून कपाटात ठेव, कपड्यांना उपयोगी पडतील. माजघरात येतो तो वास संडासाच्या टाकीतल्या हवेचा आहे, आणि ती हवा कुठल्या तरी वाटेने आत येते आहे. वासावर दुसरा वास घातलास तर ती वाट तशीच राहील, फक्त तुला सापडायची नाही. वहिनीच्या नाकावर विश्वास ठेव. 'बंद घराला असा वास यायचाच' हे वाडीतल्या मंडळींचं म्हणणं मनावर घेऊ नकोस. आपल्या घराला असा वास कधीच नव्हता.

संडास परसात होता तोवर हा प्रश्नच नव्हता. आईचे गुडघे गेले म्हणून माजघराला लागून संडास-न्हाणी बांधली. ते योग्यच केलं, तिची शेवटची वर्षं सोपी झाली. पण त्या दिवसापासून टाकी आणि माजघर एका पाइपाने जोडली गेली. मध्ये अडवायला काय आहे? दोन इंच पाणी, बाकी काही नाही. कमोडच्या पोटात, बेसिनखाली, न्हाणी ट्रॅपच्या जाळीखाली पाइप मुद्दाम वाकवलेला असतो आणि त्या वाकात, म्हणजे ट्रॅपमध्ये, पाणी साचून राहतं. सांडपाणी त्यातून पुढे ढकललं जातं, हवा मागे येऊ शकत नाही. लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने १७७५ साली असा वाकडा पाइप असलेल्या संडासाचं पेटंट घेतलं. अडीचशे वर्षं झाली, अजून जगभर हीच युक्ती चालते. तिच्यात हलणारा, झिजणारा एकही भाग नाही. तिला फक्त पाणी लागतं.

आणि तुम्ही मुलुंडला असल्याने हे घर दिवाळीपासून बंद होतं. एवढ्या महिन्यांत ते पाणी उडून जातं. मुंबईकरांची घरं मे महिन्यात किंवा गणपतीला उघडली की नाकाला रुमाल लागतो, त्याचं पहिलं कारण हेच. तेव्हा हे पत्र बाजूला ठेव आणि घरातल्या प्रत्येक भोकात बादलीभर पाणी ओत. प्रत्येक म्हणजे खरंच प्रत्येक. चुलीजवळच्या जुन्या न्हाणीत तुम्ही हल्ली लाकडं रचून ठेवता ना? त्या लाकडांखाली एक जाळी आहे, ती बाबांनी बसवून घेतली होती. लाकडं काढून तिथेही ओत. वॉशिंग मशीनचा पाइप जातो ते भोक, पडवीतलं हात धुवायचं बेसिन, काही विसरू नकोस. मग रात्री खिडक्या लावून घ्या. त्या रात्री तुम्ही दोघं माजघरात झोपू नका, पडवीत झोपा. सकाळी दार उघडून वहिनीला आत पाठव. तू नको, तुझ्या नाकाला तपकिरीची सवय आहे.

वास गेला असेल तर काम झालं. मुलुंडला परतताना मात्र एक कर. पुन्हा प्रत्येक ट्रॅपमध्ये पाणी भर आणि वरून दोन-तीन चमचे पॅराफिनचं पातळ तेल सोड. औषधांच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मागितलं की देतात. तेलाचा थर पाण्यावर तरंगतो आणि पाणी उडणं खूप मंदावतं. खोबरेल वापरू नकोस, ते थंडीत थिजतं आणि पुढे खवट होतं.

वास राहिला असेल, आणि मला वाटतं थोडा राहील, तर पुढचं वाच.

आधी पाण्याचाच वास नाही ना, ते बघ. बोअरवेलच्या पाण्यालाही कधी कुजक्या अंड्याचा वास असतो. पेलाभर पाणी घेऊन अंगणात जा, तिथे हुंग. अंगणातही वास आला तर दोष पाण्याचा, पाइपांचा नाही. नुसत्या गरम पाण्याला येत असेल तर तो गिझरच्या आतल्या मॅग्नेशियमच्या कांडीमुळे असू शकतो, ती बदलून मिळते.

मग बेसिनखाली बस, बॅटरी घेऊन. आपल्याकडचे प्लंबर नळ चकचकीत बसवतात, पण बेसिनखालचा तो वळ्यावळ्यांचा प्लॅस्टिकचा पाइप भिंतीतल्या भोकात नुसता खुपसून निघून जातात. भोक दीड-दोन इंचांचं, पाइप सव्वा इंचाचा, आणि भोवतालची फट उघडी. खाली ट्रॅप असला तरी त्या फटीतून हवा येतेच. मी नोकरीत असताना 'वास येतो' म्हणून आलेल्या तक्रारींमागे ही फट वारंवार निघायची. रबराचं वायसर किंवा कॉलर मिळते, ती घट्ट बसवायची. बेसिनखाली ट्रॅपच नसेल तर बॉटल ट्रॅप लावून घ्यायचा. सिमेंट थापून फट बंद करू देऊ नकोस, पुढच्या वेळी पाइप काढताना ते फुटतं आणि फट परत उघडी पडते.

कमोडवर बसताना तो जरासा हलतो, असं वहिनीने मागे सांगितलं होतं. ते मला आवडलेलं नाही. बुडाशी जी जोडणी असते ती हलून हलून सुटते, व्हाइट सिमेंटला केसासारखी चीर जाते, आणि पाणी बाहेर दिसलं नाही तरी हवा येते. शिवणाचा एक धागा घे आणि बुडाभोवती, फरशीला लागून, हळूहळू फिरव. जिथे हवा येत असेल तिथे तो हलेल. काही लोक उदबत्तीच्या धुराने बघतात. मला ते मान्य नाही. टाकीतल्या हवेत मिथेन असतो, त्याला स्वतःला वास नसतो, आणि हवेत तो पाच ते पंधरा टक्क्यांच्या दरम्यान असला तर ठिणगीने पेटतो. न्हाणीघरात तेवढा साठणं कठीण, पण चेंबरचं झाकण उघडून त्यात काडी ओढून बघणारे लोक मी पाहिले आहेत. तू तसं करू नकोस.

एवढ्यानेही सापडलं नाही तर पुदिन्याच्या तेलाची जुनी चाचणी आहे. सगळे ट्रॅप भरून घ्यायचे, बाहेरच्या चेंबरमध्ये थोडं पुदिन्याचं तेल घालायचं, वर किटलीभर कढत पाणी ओतायचं आणि झाकण लावायचं. ज्याने तेल ओतलं त्याने घरात पाऊल टाकायचं नाही, त्याच्या हातांना वास असतो. आत दुसऱ्या माणसाने फिरायचं. पुदिना जिथे नाकात येईल तिथेच फट.

आता मला ज्याचा खरा संशय आहे ते सांगते. तू लिहिलं आहेस की कमोडला पाणी सोडलं की बेसिन गुडगुडतं. पाणी वेगाने खाली जाताना मागे हवा लागते. ती छपरावरच्या व्हेंट पाइपातून मिळायला हवी. तिथून मिळाली नाही तर ती बेसिनच्या ट्रॅपमधून ओढली जाते, त्यातलं पाणीही ओढून नेते, आणि तू ओतलेली बादली दोन दिवसांत निकामी होते. व्हेंट कुठेतरी बंद आहे. जाळीत गांधीलमाश्यांनी घर केलं असेल, नाहीतर पाला अडकला असेल.

शिवाय तुझ्या मुलाने पाठवलेला फोटो मी मोठा करून बघितला. गेल्या वर्षी स्लॅब गळतो म्हणून संडासावर पत्र्याची शेड घातलीत. व्हेंटचं तोंड त्या शेडच्या खाली राहिलं आहे, दादा! टाकीची हवा वर जाते, पत्र्याला अडते आणि माळ्याच्या झरोक्यातून घरात शिरते. हे आता सगळीकडे होतं. शेड घालणारा वेगळा, प्लंबर वेगळा, दोघांची गाठ पडत नाही. सेप्टिक टाकीच्या भारतीय मानकात व्हेंट किमान ५० मिलिमीटर व्यासाचा हवा, टाकी घराजवळ असेल तर तो इमारतीच्या माथ्यापेक्षा २ मीटर वर न्यायला हवा आणि तोंडाला डासांची जाळी हवी, असं सांगितलेलं आहे. पत्र्याला भोक पाडून पाइप वर न्यावा लागेल आणि भोकाभोवती पाणी गळू नये म्हणून कॉलर लावावी लागेल. हे काम पावसाच्या आत व्हायला हवं. शिडीवर तू चढायचं नाहीस.

राहिली टाकी. ती शेवटची कधी उपसली ते तुलाही आठवत नाही, मलाही नाही. दोन-तीन वर्षांनी उपसायची असते. तळाशी गाळ बसतो, वर साय धरते, आणि मधलं पाणी शोषखड्ड्याकडे जातं. गाळ वाढला की मधली जागा उरत नाही, घाण निवळायला वेळ मिळत नाही आणि तीच शोषखड्ड्यात जाऊन तो तुंबतो. पावसात आपल्याकडे जमिनीतलं पाणी वर येतं, तेव्हा तर शोषखड्डा घेतच नाही आणि टाकी उलटी भरते. टाकीतलं काम जंतू करतात. रोज फिनेल आणि ॲसिड ओतून आपण त्यांनाच मारतो. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर तर एकापाठोपाठ कधीच टाकू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

आता जे लिहिते ते वहिनीलाही वाचून दाखव. तू लिहिलं आहेस की तालुक्यातून दोन माणसं येतात, 'आत उतरून स्वच्छ करून देतात', आणि मैला उपसणाऱ्या गाडीपेक्षा स्वस्त पडतं. त्यांना बोलवायचं नाही. उतरायला ते तयार असले तरी नाही. कुजक्या अंड्याचा जो वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. हवेच्या दहा लाख भागांत त्याचा एक भागही नसला तरी नाकाला कळतो. पण तोच शंभर भागांच्या आसपास गेला की काही मिनिटांत नाक बधिर होतं. वास नाहीसा होतो, माणसाला वाटतं आता हवा बरी आहे, आणि तो आणखी एक पायरी खाली उतरतो. हा वायू हवेपेक्षा जड, खाली साठून राहतो, गाळ ढवळला की एकदम उसळतो. हजारच्या आसपास एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. मग वरचा त्याला काढायला उतरतो, तोही राहतो. बापामागे मुलगा, भावामागे भाऊ गेलेला आहे. पंचनाम्याच्या कागदांवर मी अशी नावं वाचली आहेत, आणि ती कुठल्या वस्तीतली असतात हे तुला सांगायला नको. २०१३ च्या कायद्याने असं माणूस उतरवणं गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूंसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरवली होती, २०२३ साली ती तीस लाख केली. पण मी कायद्याच्या भीतीने लिहीत नाही. आपल्या घरातल्या घाणीसाठी दुसऱ्याच्या मुलाने जीव धोक्यात घालायचा, हे आई-बाबांच्या घरात होता कामा नये.

मैला उपसणारी सक्शनची गाडी मागव. नगरपरिषदेत आधी चौकशी कर, नाहीतर खाजगी गाड्याही असतात. चार पैसे जास्त लागले तर मी देते. पाऊस सुरू झाला की आपल्या लाल मातीच्या वाटेवर ती गाडी रुतेल, म्हणून हेही याच महिन्यात. उपसताना मुलांना दूर ठेव. टाकीच्या झाकणावर कुणाला उभं राहू देऊ नकोस. हाच हायड्रोजन सल्फाइड ओल्या स्लॅबवर जंतूंमुळे गंधकाम्ल होतो आणि आतून काँक्रीट व सळ्या खातो. वरून धड दिसणारं झाकण खालून भुसभुशीत असतं. गाडीवाल्याला खालची बाजू बघायला सांग. सळ्या दिसत असतील तर नवीन झाकण टाकून घेऊ.

शेवटची गोष्ट विहिरीची. शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर लांब हवा. आपला साधारण तेवढा असेल, पण जांभा भोकाभोकांचा दगड, त्यातून पाणी कुठून कुठे जाईल सांगता येत नाही. आरोग्य केंद्रात पाणी तपासायची एक छोटी बाटली मिळते का विचार. १९८२ साली आपल्याच देशातल्या शास्त्रज्ञांनी ती पद्धत काढली. बाटलीत पाणी भरून उबदार जागी एक-दोन दिवस ठेवायचं. पाण्यात मैल्याचे जंतू असतील तर ते हाच हायड्रोजन सल्फाइड सोडतात आणि आतल्या लोहाशी मिळून पाणी काळं पडतं. टाकी उपसण्याआधी एकदा आणि पावसाळ्यात गणपतीला याल तेव्हा एकदा, असं दोनदा कर. काळं पडलं तर मुलांना उकळलेलंच पाणी, आणि मला लगेच फोन.

मी २० तारखेच्या एस.टी.ने येते. पुदिन्याचं तेल आणि रबराच्या कॉलर इथून आणते, तिकडे मापाच्या मिळत नाहीत. तू तोवर गाडीवाल्याची तारीख ठरव आणि पत्र्याचं काम करणाऱ्या माणसाला एकवीसला सकाळी बोलावून ठेव. वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी धाकटी