डोक्यावरचा थर्माकोल

गेल्या श्रावणातली गोष्ट. सकाळी रायबंदरहून सायकलने पणजीला ऑफिसात निघालो होतो. रक्तातली साखर थोडी वर गेली म्हणून डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, आणि मी कपाटामागची सायकल बाहेर काढली. हेल्मेट मात्र लेकीने हट्टाने घ्यायला लावले. त्यावरून ऑफिसात रोज टर उडायची. "कितें रे, चंद्रार वता?" हा ठरलेला प्रश्न. खरे सांगायचे तर मलाही ते थोडे हास्यास्पदच वाटायचे. लहानपणापासून पदेर पाहत आलो. कॅरियरवर पावाची भलीमोठी टोपली बांधून, पोंय पोंय करीत अख्खा गाव फिरणारा. त्याच्या डोक्यावर कधी हेल्मेट दिसले नाही.

त्या दिवशी पावसाची भुरभुर होती. आपल्या जुन्या कॉजवेवर कडेच्या ओल्या मातीत पुढचे चाक सरकले. कुणाचा धक्का नाही, वेगही बेताचा. क्षणात आडवा झालो आणि डोक्याची उजवी बाजू रस्त्यावर आपटली. उठलो तेव्हा कोपर सोलवटले होते, डोके शाबूत. हेल्मेटला मात्र कानाच्या वर खळगा पडला होता.

ऑफिसात खळगा दाखवून सांगितले, "बघा, ह्याने वाचवले." आमचे एक ज्येष्ठ सहकारी शांतपणे म्हणाले, "कशावरून? ते नसते तरी वाचला असतास. रोज कितीतरी लोक पडतात आणि कपडे झटकून उठतात."

राग आला, पण प्रश्न योग्य होता. एका पडण्यावरून काहीच सिद्ध होत नाही. मग वाचायला बसलो.

सायकलच्या हेल्मेटमध्ये जाड थर असतो तो थर्माकोलच्याच जातीचा. डोके आपटले की तो दाबला जातो, चिरडतो, आणि थांबायला डोक्याला काही मिलीसेकंद जास्त मिळतात. धक्क्याचा जोर तेवढा उतरतो. चिरडलेला थर पुन्हा फुगत नाही, म्हणून असे हेल्मेट एकदाच कामाला येते. युरोपच्या ईएन १०७८ या मानकानुसार ते साधारण दीड मीटरवरून, म्हणजे ताशी १९-२० किलोमीटर वेगाने, सपाट लोखंडावर आदळून तपासतात. म्हणजे माझ्यासारख्याच्या पडण्याची परीक्षा. भरधाव बसची नव्हे.

आणि आकडे? २०१६ साली ऑस्ट्रेलियातल्या जेक ऑलिव्हिए आणि प्रुडन्स क्रेइटन यांनी ४० अभ्यास एकत्र तपासले. जखमी सायकलस्वार ६४ हजारांहून अधिक. हेल्मेट घातलेल्यांमध्ये डोक्याला गंभीर इजा होण्याची शक्यता ६९ टक्क्यांनी कमी आढळली. शंभर टक्के नव्हे, हेही लक्षात ठेवायला हवे.

दुसरी बाजूही आहे. इंग्लंडच्या इयान वॉकर यांनी २००७ मध्ये स्वतः सायकल चालवून केलेली मोजणी प्रसिद्ध केली. हेल्मेट असले की गाड्या सरासरी साडेआठ सेंटीमीटर अधिक जवळून जातात, असे त्यांना दिसले. त्या निष्कर्षावर पुढे वाद झाला. नेदरलँड्समध्ये बहुतेक लोक हेल्मेटशिवायच सायकल चालवतात, पण तिथे सायकलला वेगळे रस्ते आहेत. आपल्याकडे आहे ती गटाराची कड. रस्त्याचे काम हेल्मेट करणार नाही, हे मान्य. पण म्हणून हेल्मेटचे काम खोटे ठरत नाही.

हे सगळे सहकाऱ्यांना सांगितले. पण माझ्यासाठी प्रश्न मिटला तो वेगळ्याच कारणाने.

माझा मावसभाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आम्ही त्याला दादा म्हणतो. १९८५ च्या पावसाळ्यात, चौदा वर्षांचा असताना, देवळाकडच्या उतारावर शेवाळावरून त्याची सायकल घसरली आणि डोके चिऱ्याच्या पायरीवर आपटले. तिथेही गाडी नव्हती, वेग नव्हता. तो वाचला. वर्गात पहिला येणारा मुलगा पुढे शाळेत गेला नाही. आज तो माणसे ओळखतो, पण बोलणे मध्येच हरवते.

माझ्या पडण्याचे कळल्यावर तो मावशीबरोबर भेटायला आला. टेबलावरचे हेल्मेट त्याने उचलले, खळग्यात बोट फिरवले आणि विचारले, "हें तेन्ना आशिल्लें?"

असे हेल्मेट अमेरिकेत बेल कंपनीने १९७५ मध्येच बाजारात आणले होते, हे मी नुकतेच वाचले होते. मी म्हटले, "ना रे दादा. आमच्याकडेन नाशिल्लें."

त्याने मान हलवली. थोड्या वेळाने तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी तेच उत्तर पुन्हा दिले.

दुसऱ्या दिवशी दोन हेल्मेटे घेतली. एक माझे, एक लेकीचे. ऑफिसात आता कुणी चंद्राचे विचारले, तर मी हसतो आणि पट्टा आवळून निघतो.