ऑकलंडला नेलेला मध

लेकीच्या पहिल्या बाळंतपणासाठी २०१७ च्या नोव्हेंबरात मी न्यूझीलंडला गेले. त्याआधी माझी धाव काशीपर्यंत. मुंबई ते सिंगापूर, तिथून आणखी दहा तास, तेव्हा कुठे ऑकलंड. घरापासून बारा हजार किलोमीटरांहून जास्त अंतर, आणि घड्याळ आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे. त्या प्रवासाबद्दल कुणी विचारलं की मी तिथल्या हिरव्या टेकड्यांचं, समुद्राचं कौतुक सांगते. विमानतळावर माझ्या हातून जे झालं ते घराबाहेर कधी बोलले नाही. आज लिहिते आहे, कारण आमच्या भागातल्या पुष्कळ आया आता याच वाटेने जायला लागल्या आहेत.

बॅग भरायला मला तीन आठवडे लागले. डिंकाचे लाडू, अळीव, सुंठ, हळद, बाळंतशोपा, बाळंतकाढ्याच्या पुड्या. हातातल्या पिशवीत रुमालात गुंडाळलेला परसातला कढीपत्ता. आणि मोठ्या बॅगेत साड्यांच्या घडीत मधाची बाटली. माझं सासर महाबळेश्वरच्या बाजूचं. घरी सातेरी मधमाश्यांच्या पेट्या सासऱ्यांच्या वेळेपासून आहेत. जन्मलेल्या बाळाला सोन्याच्या वळ्याने घरचा मध चाटवायचा, ही आमच्याकडची रीत. तो जांभळाचा मध होता, काळपट आणि किंचित तुरट. सासूबाईंनी स्वतः गाळून, झाकणाला मेण लावून दिला होता.

निघताना ओळखीच्या एका बाईंनी बजावलं होतं, "विमानात कार्ड देतात. सगळीकडे 'नाही' लिहून टाका. 'हो' लिहिलंत की सगळं काढून घेतात." मी तसंच केलं. कार्डावर खाण्याचे पदार्थ, बिया, झाडपाला, दुधाचे पदार्थ असं सगळं स्पष्ट लिहिलेलं होतं. मधाचं तर नावच होतं. खोटं लिहिलं तर जागेवर चारशे डॉलर दंड, हेही खाली होतं. मी ते दोनदा वाचलं आणि 'नाही'वर खूण केली. बाहेर येताना मोठे डबे ठेवलेले दिसले. जवळचे पदार्थ इथे टाका, अशी त्यांवर सूचना. त्या डब्यांवरूनही मी पुढे गेले.

मग एक छोटं तपकिरी कुत्रं आलं, माझी पिशवी हुंगली आणि शांतपणे तिच्याजवळ बसलं. कढीपत्ता निघाला. त्यामागून मोठी बॅग उघडली गेली.

टेबलामागची अधिकारी माझ्या लेकीच्या वयाची असेल. आवाज जराही न चढवता तिने विचारलं, "कार्डावरचे प्रश्न तुम्हाला समजले होते का?" मी म्हणाले, मला इंग्रजी येत नाही. मी तेहतीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यातली बरीच वर्षं सातवीला इंग्रजी. माझं ते वाक्य खरं मानून तिने फोन लावला आणि हिंदी दुभाष्या जोडून दिला. पलीकडून एका बाईंनी तोच प्रश्न अगदी आदराने विचारला. "माताजी," असं त्या म्हणाल्या आणि माझ्याने पुढे खोटं बोलवेना. मी इंग्रजीतच सांगितलं, प्रश्न समजला होता.

दंड झाला. आपले अठरा-एकोणीस हजार रुपये. नातवंडाला काहीतरी घ्यायला म्हणून ह्यांनी दिलेल्या पैशांतून मी तो भरला. सुंठ आणि हळद तपासून परत मिळाली. अळीव, लाडू, कढीपत्ता आणि मध गेला. जे नेलं ते लिहिलं असतं तर एवढंच काढून घेतलं असतं, एक डॉलरही दंड झाला नसता. दंड सामानाचा नव्हता, खोटं लिहिल्याचा होता. एवढी साधी गोष्ट मला माहीत नव्हती असं मी म्हणू शकत नाही, कारण कार्डावर ती लिहिलेली होती.

त्या मुलीने मला कारणही समजावलं. दोन वर्षांपूर्वी, २०१५ मध्ये, ऑकलंडच्या ग्रे लिन या वस्तीत क्वीन्सलँड फळमाशी सापडली होती. मूठभर माश्या, पण तिथल्या लोकांना घरची फळं वस्तीबाहेर न्यायला बंदी झाली आणि माशीचा बंदोबस्त होईपर्यंत वर्षातले बरेच महिने गेले. मधमाश्यांचे जगात इतरत्र असलेले काही रोग तिथे अजून पोचलेले नाहीत, म्हणून बाहेरचा मध बंद. व्हरोआ नावाचा परजीवी मात्र २००० साली पोचलाच आणि त्याने त्यांच्या मधपाळांना फार त्रास दिला.

हे ऐकताना मला उभं राहवेना. १९९१-९२ मध्ये थाई सॅकब्रूड या रोगाने कर्नाटक-केरळातल्या सातेरीच्या वसाहती पार ओस पडल्या, तेव्हा आमच्या घरात दुसरं बोलणं नव्हतं. सासरे दिवसातून दोनदा पेट्या उघडून अळ्या बघायचे. बाहेरची पेटी, बाहेरची राणी घरात आणायची नाही, असा त्यांनी दंडक घातला होता आणि आम्ही तो पाळला. त्याच घरची सून मी. दुसऱ्याच्या दारात साडीत गुंडाळून मध घेऊन उभी होते.

जावयांना सांगितलं, सामान यायला उशीर झाला. ही माझी दुसरी चूक, आणि मला ती पहिलीहून मोठी वाटते. दीड महिना मी ती लपवली. त्या काळात तिथली सुईण बाळबाळंतिणीला बघायला घरी यायची. एकदा तिने सहज सांगितलं, वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही. मधात असे जंतू असू शकतात की त्यांच्या विषाने तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडतात, श्वासही अडकू शकतो. लेक म्हणाली, "हे तर मी केव्हाच वाचलंय." मी बाळाच्या पाळण्याशी बसून होते. त्या रात्री तिला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "आई, निघण्याआधी मला एक फोन का नाही केलास?"

माझ्यापाशी उत्तर नव्हतं. तिला विचारलं असतं तर ती 'नको' म्हणाली असती, आणि ते मला ऐकायचं नव्हतं.

घरी आल्यावर सासूबाईंनाही खरं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "त्यांच्या माश्या त्यांना प्याऱ्या असणारच की."

२०१९ मध्ये मी पुन्हा गेले. या वेळी बॅगेत काय काय आहे याची यादी लेकीला आधी वाचून दाखवली. तिने नको म्हटलेलं घरीच ठेवलं. कार्डावर खाण्याच्या पदार्थांपुढे 'हो' लिहिलं आणि वेगळ्या रांगेत उभी राहिले. त्यांनी पुड्या उघडून पाहिल्या, दोन प्रश्न विचारले आणि सगळं सामान परत दिलं. पंधरा मिनिटंही लागली नाहीत.