ककनीचा डोंगर

पशुपतिनाथाच्या दर्शनाला आपल्याकडील मंडळी पिढ्यान्‌पिढ्या काठमांडूला जात आली आहेत. दर्शन झाले, रुद्राक्ष घेतले, की परतीची ओढ लागते. आम्ही मात्र या खेपेस एक दिवस अधिक काढून शहराच्या वायव्येस ककनीला गेलो. सुमारे 2,000 मीटर उंचीवरचे हे गाव स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध आहे. आकाश निरभ्र असले तर समोर गणेश हिमालाची शिखरे अशी निश्चल उभी असतात, की ही भूमी सरकते आहे यावर विश्वासच बसू नये.

ते सरकणे मोजणारे केंद्र याच डोंगरावर आहे. नेपाळच्या खाणी व भूगर्भ विभागाने अमेरिकेतील कॅलटेक संस्थेच्या साह्याने देशभर अशी केंद्रे उभारली. खडकात पक्की रोवलेली अँटेना 20,000 किलोमीटर उंचीवरील उपग्रहांचे संदेश रात्रंदिवस टिपते. उपग्रह तेच, तरी आपल्या खिशातील फोन चार-पाच मीटरांनी चुकतो. येथे संदेश वाहून आणणारी लहरच मोजतात. तिची लांबी सुमारे 19 सेंटीमीटर, आणि तिचा शंभरावा भागही ओळखता येतो. वर्षानुवर्षांच्या नोंदींत किरकोळ चुका विरून जातात, आणि हाती येते ते असे: भारताची भूमी हिमालयाला वर्षाकाठी सुमारे 2 सेंटीमीटर रेटते आहे. बोटांची नखेसुद्धा याहून लवकर वाढतात!

परंतु खाली खडकांचे थर एकमेकांत अडकलेले असल्याने वरची भूमी ताणलेल्या धनुष्यासारखी वाकत राहते. 25 एप्रिल 2015 रोजी, मध्यान्हीच्या सुमारास, तो ताण सुटला. वर्षानुवर्षे मिलिमीटरांनी हलणारे ककनीचे केंद्र काही सेकंदांत दीड मीटरहून अधिक दक्षिणेकडे फेकले गेले. काठमांडूचा धरहरा मनोरा कोसळला. सुमारे 9,000 माणसे गेली.

त्या दिवशी सुटला तो गोरखापासून पूर्वेकडचा ताण. पश्चिम नेपाळात शेवटचा महाभूकंप 1505 साली झाला होता. तेथील केंद्रेही तोच रेटा दाखवितात; 500 वर्षांचा हिशेब 10 मीटरांवर जातो. तो सारा एकाच वेळी सुटेल असे नाही, आणि दिवस तर कोणतेच उपकरण सांगत नाही. पण आधी कोठल्या शाळा, कोठली घरे मजबूत करावीत, एवढे त्यातून निश्चित कळते. 3 नोव्हेंबर 2023 च्या रात्री त्याच पश्चिम भागात, जाजरकोटला, त्या मानाने लहानसाच धक्का बसला, तरी दीडशेहून अधिक माणसे झोपेतच गाडली गेली. घरे दगडमातीची होती.