आबांच्या डोक्याला लागले तेव्हा



तुरीवरचा मर रोग तुम्ही पाहिला असेल. वरून झाड हिरवे. खोड चिरून पाहावे तर आत काळ्या-तपकिरी रेषा. हे सांगत मी तीस वर्षे बांधाबांधाने हिंडलो. पण तसेच दुखणे माझ्या घरात आले, तेव्हा मला ओळखता आले नाही.

आमचे आबा 78 वर्षांचे. पावसाळ्यात गोठ्यात पाय घसरला आणि डोके गव्हाणीच्या कडेला लागले. टेंगूळ आले, रक्त नाही. सौ.ने हळद लावली. रात्री आबा भाकरी खाऊन झोपले. आम्ही ते विसरूनही गेलो.

तीन आठवड्यांनी आबा दिवसा पेंगू लागले. डाव्या पायातली चप्पल निसटू लागली. नातवाला माझ्या नावाने हाका मारू लागले. मी म्हणालो, "वय झाले आता." सौ. म्हणाली, "अहो, गेल्या महिन्यात हेच बैल सोडून आणत होते. महिन्याभरात कुठे वय होते?" तिच्या हट्टामुळे आम्ही जिल्ह्याच्या गावी गेलो. सीटी स्कॅनमध्ये कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये रक्त साठलेले दिसले.

डॉक्टरांनी समजावले, की उतारवयात मेंदू थोडा आकसतो, त्यावरच्या बारीक शिरा ताणल्या जातात आणि किरकोळ धक्क्यानेही फुटतात. रक्त हळूहळू साठते. लक्षणे कधी कधी कित्येक आठवड्यांनी दिसतात.

कवटीला दोन लहान छिद्रे पाडून रक्त काढले. आठवड्याने आबा काठी टेकत घराच्या पायऱ्या चढले. सर्वांचेच असे होत नाही. जबर मार लागून बेशुद्ध झालेला वृद्ध वाचण्याची आशा तरुणापेक्षा बरीच कमी असते. पण म्हणूनच वेळ दवडू नये.

घरातले वडीलधारे माणूस डोक्यावर पडले, तर ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. दोन-तीन महिने लक्ष असू द्या. वाढती डोकेदुखी, गुंगी, उलट्या, विसराळूपणा, अडखळते बोलणे, एका बाजूचा अशक्तपणा दिसला, की लगेच दवाखाना गाठा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर त्याच दिवशी दाखवा. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. शुद्ध हरपली तर 108 ला फोन करा.

मरीने वाळू लागलेले तुरीचे झाड मला वाचवता येत नाही. या दुखण्यात माणूस वाचू शकतो. "वय झाले" हे शब्द मी आता तोंडातून काढत नाही.