वरणाचे मोल

आमच्या बदनापुरास कडधान्य संशोधन केंद्र आहे. तेथील ‘बीडीएन ७११’ ही तूर मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाची. तुरीचेच साधे वरण छत्रपती संभाजीनगरातील एका बड्या उपाहारगृहात पितळी वाटीतून आमच्यापुढे आले, तेव्हा देयक पाहून आम्ही विचारात पडलो. दिल्लीच्या ‘बुखारा’तील उडदाची डाळ रात्रभर मंदाग्नीवर शिजते, ते कष्ट घरी कोण घेणार? तेथील दाम आम्हांस रास्त वाटतो. वरणास मात्र अर्धा तास पुरतो, आणि नामांकित बल्लवाचार्याच्या नावाने हिंगाचा वास काही वाढत नाही. कमलाबाई ओगले यांनी तर १९७० साली आपली सारी विद्या ‘रुचिरा’त खुली केली!

आमच्या सौभाग्यवतींचे मत निराळे. त्या म्हणतात, एक सांज चुलीपुढून सुटका झाली, तिचे मोल तुम्ही कशात धरले? यावर आम्हांस उत्तर सुचलेले नाही.