भिंतीअलीकडचे पंक

बर्लिनच्या आमच्या प्रेन्झ्लाउअर बेर्ग भागातलं घरभाडं ऐकून आता मुंबईकरालाही घाम फुटेल. बर्लिनची भिंत उभी होती तेव्हा याच इमारती पडक्या होत्या, कोळशाच्या शेगडीवर तापायच्या, आणि पूर्व जर्मनीचे कवी, चित्रकार आणि पंक एकमेकांच्या स्वयंपाकघरात रात्री जागवायचे.

लंडनचा पंक बेकारीवर चिडलेला. इथल्या पोरांची तक्रार उलटी: शाळा, युवक संघटना, कारखाना, सगळं आयुष्य आधीच कुणीतरी आखून ठेवलेलं. जाहीर कार्यक्रम करायचा तर बँडला सरकारी समितीपुढे बसून परवाना घ्यावा लागे. पंकांनी तो नाद सोडला आणि चर्चच्या आवारात वाजवायला सुरुवात केली, कारण तिथे पोलिसांना सहज शिरता येत नसे. (त्यांतले देव मानणारे किती, हा प्रश्न पाद्र्यांनीही फारसा विचारला नसावा.) 1983 मध्ये 'नामेनलोस' बँडच्या पोरापोरींना गाण्यांतल्या शब्दांपायी पकडलं आणि तुरुंगात टाकलं. शब्द इतके मन लावून ऐकणारा श्रोता कवीला एरवी कुठे मिळतो!

त्याच वर्षी पश्चिम बर्लिनमध्ये 'डीडीआर फॉन उंटन' ही तबकडी निघाली. तीत 'त्स्विचरमशीने' हा ड्रेस्डेनच्या चित्रकारांचा बँड होता. नाव पाउल क्लेच्या चित्रावरून घेतलेलं. चित्रकार कोर्नेलिया श्लाइमे त्यात होत्या, कवी साशा आंडरसनही होता. पुढे आंडरसन आमच्या भागातल्या साहित्यवर्तुळाच्या मध्यभागी बसला. अंक, काव्यवाचनं, ओळखीपाळखी, सगळीकडे हाच. 1991 मध्ये कवी-गायक वोल्फ बीअरमान यांनी ब्यूख्नर पारितोषिक स्वीकारताना भर सभेत सांगितलं की हा स्टाझीचा, म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचा, खबऱ्या आहे. स्टाझीच्या फायली उघडल्या तेव्हा ते खरं निघालं.

म्हणजे तो सगळा कारभारच स्टाझीचा, असं म्हणणारे इथे भेटतात. मला ते पटत नाही. ऐकण्यासारखं काही बोललं जात होतं म्हणूनच तिथे खबऱ्या पेरावा लागला, आणि तुरुंगात गेलेल्या पोरांचा राग काही स्टाझीने लिहून दिलेला नव्हता. आंडरसनच्या कविता मात्र आता माझ्याच्याने वाचवत नाहीत.

श्लाइमेबाई 1984 मध्येच देश सोडून पश्चिमेला गेल्या होत्या. आपली फाईल हाती आल्यावर त्यांनी 1993 मध्ये तिच्याच पानांवर स्वतःचे नाटकी, चेष्टेखोर फोटो लावून एक मालिका केली. पंक म्हणून मला विचाराल, तर ती मालिका त्या तबकडीपेक्षा कितीतरी सरस आहे.