बुस्बेकच्या मुक्कामांवरून

पत्र पहिले : अंकारा



अंकाऱ्याच्या जुन्या भागात, हाजी बायराम मशिदीला लागून, रोमन सम्राट ऑगस्टसच्या मंदिराच्या पडक्या भिंती उभ्या आहेत आणि त्यांवर ऑगस्टसने स्वतःच सांगितलेला आपल्या कारकिर्दीचा लॅटिन वृत्तान्त कोरलेला आहे. युरोपातील विद्वानांच्या नजरेस हा लेख आला तो १५५५ साली, एका राजदूतामुळे. फ्लँडर्समध्ये १५२२ साली जन्मलेला बुस्बेक हा हाब्सबुर्ग घराण्यातील फर्डिनांडचा वकील म्हणून ऑटोमन सुलतान सुलेमानच्या भेटीस निघाला असता वाटेत येथे थांबला आणि झिजलेल्या अक्षरांतून लागेल तेवढा मजकूर त्याने उतरवून घेतला.

पत्र दुसरे : आमास्या

इराणवरील मोहिमेमुळे सुलतानाचा तळ त्या वर्षी येशिलइर्माक नदीकाठच्या या गावी होता. दरबारी रिवाज असा, की वकिलाचे दोन्ही दंड सेवकांनी धरून ठेवायचे, त्याने सुलतानाच्या हाताचे चुंबन घ्यायचे आणि मग सुलतानाकडे पाठ न फिरवता समोरच्या भिंतीपर्यंत मागे सरायचे. हंगेरी आणि ट्रान्सिल्व्हेनियावरील आपल्या धन्याचा हक्क मांडण्यासाठी बुस्बेक येथे आला होता. परंतु तो येथे असतानाच इराणच्या शहाचा वकील मौल्यवान नजराणे घेऊन दाखल झाला, त्या दोन सत्तांचा तह झाला आणि पूर्वेकडील युद्धाची चिंता मिटलेल्या सुलतानाला फर्डिनांडचे मन राखण्याची गरज उरली नाही. बुस्बेकच्या पदरात सहा महिन्यांची तहकुबी, म्हणजे लढाईला तात्पुरती स्थगिती, तेवढीच पडली. तरीही या दरबारात कोणाचाही मान जन्मावर ठरत नाही, कर्तबगारीवर ठरतो, हे त्याने आपल्या पत्रांत मोकळ्या मनाने नोंदवले. प्रतिपक्षाचे बळ धन्याच्या बाजूच्या माणसांना असे स्पष्ट सांगणे हीच वकिलाची सर्वांत मोलाची चाकरी होय.

पत्र तिसरे : इस्तंबूल

चेंबर्लिताश भागात सम्राट कॉन्स्टंटाइनचा काळवंडलेला स्तंभ आहे; त्याच्यासमोर पूर्वी एल्ची हान, म्हणजे परक्या वकिलांना उतरवण्याची सराई होती. ती इमारत आता नाही. त्या काळचा राजदूत पाहुणा असे तसाच ओलीसही असे, आणि फर्डिनांडने ट्रान्सिल्व्हेनियात सैन्य घातल्यावर त्याची शिक्षा बुस्बेकच्या आधीच्या मालवेझ्झी या वकिलाला तुरुंगात भोगावी लागली होती. बुस्बेकचीही पुढची बरीच वर्षे या सराईतच, गज लावलेल्या खिडक्यांआड आणि पहाऱ्यात गेली. त्याने तेथे माकडे, अस्वले, लांडगे, मुंगसे, करकोचे पाळले, पक्ष्यांच्या सवयी टिपल्या आणि क्रिमियातून आलेल्या माणसांना विचारून लुप्त होत चाललेल्या गॉथिक बोलीचे शब्द लिहून घेतले. त्या बोलीविषयी आज जे ठाऊक आहे ते बहुतांशी या यादीमुळेच. सराईत प्लेग शिरला तेव्हा त्याचा वैद्य त्यात दगावला. अखेर १५६२ मध्ये आठ वर्षांचा तह ठरला, पण फर्डिनांडने दरसाल द्यावयाची ३०,००० डुकातांची, म्हणजे सोन्याच्या नाण्यांची, खंडणी चालूच राहिली.

बुस्बेकने तेथे सुमारे २४० ग्रीक हस्तलिखिते जमवली होती. डायोस्कोरिडीसच्या औषधी वनस्पतींवरील ग्रंथाची सहाव्या शतकातील सचित्र प्रत मात्र त्याला मागे ठेवावी लागली, कारण सुलतानाच्या दिवंगत ज्यू वैद्याच्या मुलाने सांगितलेले १०० डुकातांचे मोल त्याच्या ऐपतीबाहेरचे होते. ती घ्यावी म्हणून तो हाब्सबुर्ग सम्राटाची मनधरणी करीत राहिला. १५६९ मध्ये ती खरेदी झाली आणि आज ती व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.